आवाज माझा, हात दुसऱ्याचे

माझ्या थोरल्या बहिणीला या शहरातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं आहे आणि जवळजवळ कुणीच पाहिलेलं नाही. मोठ्या दवाखान्यात तुमचा नंबर आला की ‘खिडकी क्रमांक चार’ असं सांगणारी बाई म्हणजे आमची ताई. बसमध्ये पुढचा थांबा सांगते ती ताई. बँकेला फोन लावल्यावर ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं म्हणून वीस मिनिटं ताटकळत ठेवते तीसुद्धा ताईच, आणि त्याबद्दल मी तिला आजवर भरपूर बोलून घेतलंय. ती म्हणते, मी फक्त वाक्य बोलते, ताटकळत ठेवायचं काम बँकेचं.

पन्नाशीची आहे, बुटकी आहे, घरात अगदी साध्या, थोड्या घोगऱ्या आवाजात बोलते. आवाज हाच जिचा धंदा तिनं तो घरी उधळू नये, हे मला पटतं. मी स्वतः चष्मे बनवते, पण घरी आल्यावर कुणाचे डोळे तपासत नाही. कामाला निघताना ती अंगाला घासून आवाज होणार नाही असे मऊ सुती कपडे घालते, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवते आणि डब्यात आंबट सफरचंदाच्या फोडी नेते. फोड चावली की तोंडातली चिकचिक जाते म्हणे, माइकला ती फार ऐकू येते. नवरा, म्हणजे आमचे भावोजी, फ्रिज दुरुस्त करतात. मूलबाळ नाही. दोघांचं छान चाललं होतं.

आई माझ्याकडे असते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ती माझ्या वाट्याला आली, असं मी गमतीनं म्हणते आणि ती ऐकून घेते. ब्याऐंशी वर्षांची आहे, कान तिखट, पाय अधू, आणि तोंडात तीळ भिजत नाही. तिला सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळते. तिच्या मनात वाईट काही नसतं, गोष्ट पोटात राहिली की तिला खरोखरच अस्वस्थ होतं. म्हणून घरात काही लपवायचं असेल तर ते सर्वांत आधी आईपासून लपवायचं, हा नियम मी आणि ताईनं शाळेत असल्यापासून पाळलाय.

मागच्या वर्षी एक तरुण दिग्दर्शिका ताईकडे काम घेऊन आली. तिनं ब्लू फिल्मच्या धंद्यावर डॉक्युमेंटरी केली होती. त्यात कॅमेरामन होते, एक पुरुष नट होता, वकील होते, पण सगळ्या डॉक्युमेंटरीचा कणा होता एका बाईचं बोलणं. ही बाई पंचवीस वर्षांपूर्वी त्या धंद्यात दोन वर्षं होती. साबणाच्या जाहिरातीचं काम आहे असं सांगून तिला नेलं, कागदावर सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं. तेव्हा कॅसेटी निघाल्या. पुढे कुणीतरी त्या इंटरनेटवर चढवल्या, तोवर ती शहर बदलून, लग्न करून, दोन मुलांची आई झाली होती. नवऱ्याला माहीत नाही, मुलांना माहीत नाही. तिला बोलायचं होतं, फक्त ओळख पटता कामा नये अशी तिची अट होती. म्हणून चेहरा दाखवला नाही. मांडीवर ठेवलेले हात आणि पाठीमागची खिडकी एवढंच दिसतं. आणि आवाज ताईचा.

या कामाची पद्धत ठरलेली असते. एका कानात त्या बाईचं खरं बोलणं, दुसऱ्या कानात स्वतःचा आवाज, आणि समोर पडद्यावर फक्त हात. ओठ दिसत नाहीत म्हणजे सोपं, असं आपल्याला वाटतं. ताई म्हणते, उलट आहे. ओठ दिसत नाहीत म्हणून बोटांच्या चालीवर बोलावं लागतं, श्वास जिथे तिचा तिथेच आपला घ्यावा लागतो. लपवलेल्या माणसाचा आवाज देणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, कागद तिथेच परत करायचे असतात, आणि आपण आवाज दिला हे कधी कुठे बोलायचं नसतं. सुरुवातीला पडद्यावर ओळ येते: ‘ओळख लपवण्यासाठी काही बदल केले आहेत.’ कोणते, ते मुद्दाम सांगत नाहीत.

तीन दुपारी ते काम चाललं. तिसऱ्या दिवशी ताई थेट माझ्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. काय ऐकलं ते तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की जिथे आपण रडू तिथे ती बाई मांडीवरचा कपडा सारखा करते, आणि तेवढा वेळ आपल्याला गप्प बसावं लागतं, ते गप्प बसणं फार जड गेलं. मग तिनं पाणी मागितलं.

डॉक्युमेंटरी इंटरनेटवर आली. मी दोनदा पाहिली. आवाज ताईचा, हे मला पहिल्या वाक्याला कळलं आणि पाचव्या वाक्याला विसरायला झालं. इतकं खरं ती बोलली होती. नंतर मी एक मूर्खपणा केला. खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला लागले.

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचायचे. चार दिवसांत शेकडो वाचले असतील आणि दर वेळी हात धुवावेसे वाटले. इतकी शिसारी मला माणसांची कधी आली नव्हती. अर्ध्या लोकांनी आधी स्वतःचा साळसूदपणा सिद्ध केला होता. एकाचं म्हणणं, आपण असलं काही पाहत नाही, कधी पाहिलेलं नाही, पण त्यात दाखवलेला नट कुठल्या कुठल्या फिल्ममध्ये होता त्याची यादी बरोबर आहे का हे जाणकारांनी सांगावं. एकानं पाचपैकी दोन तारे दिले होते, कारण विषय एवढा गरम आणि दाखवलं काहीच नाही. एका महाशयांना संगीत जरा मोठं वाटलं. बाई सांगतेय की तिला सतरा तास खोलीत कोंडलं होतं, आणि यांना सतार खटकली.

मग न्यायाधीश आले. सही केली तेव्हा वाचता येत नव्हतं का. दोन वर्षं राहिली म्हणजे आवडत असणार. आता बरी आठवण झाली, पैसे संपले वाटतं. हे लिहिणाऱ्यांच्या नावापुढे गोंडस बाळांचे, देवांचे, डोंगरांचे फोटो. नाकानं कांदे सोलणाऱ्या बायकाही होत्या बरं का, त्यांनी तर ‘आम्हीही गरिबीत दिवस काढले, पण’ असं सुरू करून पुढे जे लिहिलंय ते मला इथे उतरवून काढायचं नाही. आणि या सगळ्यांच्या मधून, एखादा विषयच दुसरा असल्यासारखा, तो एक प्रश्न पुन्हा पुन्हा: हिचे जुने व्हिडिओ कुठे मिळतील? डॉक्युमेंटरी पाऊण तास ज्या गोष्टीबद्दल रडते, तीच गोष्ट हे लोक तिच्याच दारात उभे राहून मागत होते, आणि कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. शंभरातली एखादी बाई लिहायची, ‘तुमचं ऐकलं, बाई.’ तिच्याही खाली कुणीतरी दात काढलेले असायचे.

मी ताईला वाचू दिलं नाही. ती म्हणाली, वाचून सांगू नकोस, पण तू वाचू नकोसच, तुला पित्त होतं.

पाचव्या दिवशी एकानं लिहिलं: ‘अरे, ही तर दवाखान्यातली टोकनवाली बाई! खिडकी क्रमांक चार!’

संपलं. दोन तासांत कुणीतरी दवाखान्यातला आवाज मोबाइलवर भरून आणला आणि डॉक्युमेंटरीतल्या वाक्यांना जोडला. लोकांना उकळ्या फुटल्या. ‘खिडकी क्रमांक चारवर या’ यावर किती घाणेरडे विनोद करता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढच्या दिवशी कुणीतरी ताईचं नाव काढलं, त्याच्या पुढच्या दिवशी इमारत.

ताई राहते त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्या निरोप समारंभात ताईनं मानपत्र वाचलं होतं, विनामूल्य. ते आता ताई लिफ्टमध्ये शिरली की बाहेर पडून जिन्यानं जायला लागले, गुडघे दुखत असताना. त्यांचं मी समजू शकते, माणूस घाबरट आहे. पण खालच्या मजल्यावरचा एक जण, जो दहा वर्षांत कधी ‘कशा आहात’ म्हणाला नव्हता, तो लिफ्टमध्ये ताईला खेटून उभा राहायला लागला आणि गोड बोलायला लागला. ताईनं हे मला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती आणि निवडून झालेलीच पुन्हा निवडत होती. भावोजी खाली जाऊन त्याला काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण तोही जिन्यानं जायला लागला. दवाखान्यानं तांत्रिक कारण देऊन आवाज बदलला. लहान मुलांच्या गोष्टी ती रेकॉर्ड करून द्यायची, त्या लोकांनी तर कारणही दिलं नाही.

भावोजींच्या कामावर लोक त्यांना बघून गप्प व्हायचे. भला माणूस, तोंडातून ब्र काढला नाही. फक्त एकदा माझ्यासमोर ताईला म्हणाले की त्या दिग्दर्शिकेनं एक ओळ लिहिली तरी पुरे, आवाज उसना आहे म्हणून.

ताई म्हणाली, “आणि मग लोक काय विचारतील?”

भावोजींना ते पटलं. मला नाही. मी म्हटलं, काय विचारायचं ते विचारू देत, तू कशाला दुसरीचं लफडं गळ्यात घेतेस, ती बाई कोण तुझी? ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी घाण बोलले आहे. बोललेच होते. ‘दुसरीचं लफडं’ हे शब्द मी चार दिवस त्याच अभिप्रायांमध्ये वाचत होते, आणि वाचता वाचता ते माझ्याच तोंडात येऊन बसले होते. पण तेव्हा ते कळायची माझी अवस्था नव्हती. डोक्यात तिडीक गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी त्या अभिप्रायांच्या खाली लिहिलं. स्वतःच्या नावानं, दुकानाच्या पत्त्यासकट. लिहिलं की ही माझी सख्खी बहीण, ती फक्त आवाज देते, डॉक्युमेंटरीतली बाई वेगळी आहे, आवाज बदललेला आहे, हात त्या खऱ्या बाईचे आहेत, आणि तुम्ही सगळे जण ज्या सभ्य बाईची बेअब्रू करताय तिची माफी मागा. ‘सभ्य बाई’ या शब्दांवर मी खूश होते. दुपारपर्यंत नऊशे लोकांना ते आवडलं. काही जणांनी खरोखर माफी मागितली. मी गिऱ्हाइकाला चष्मा लावून दाखवताना चक्क गुणगुणत होते.

दुपारनंतर एकानं लिहिलं, ‘मग खरी कोण?’

आणि मग सगळे हातांकडे बघायला लागले. मीच सांगितलं होतं ना, हात खरे आहेत म्हणून. कुणीतरी हातांचे फोटो मोठे करून लावले. डाव्या मनगटावर भाजल्याची आडवी खूण आहे, बोटांची टोकं पांढरी पडलीत, म्हणजे वाफेचं काम, म्हणजे इस्त्री. पाठीमागच्या खिडकीतून अर्धी निळी टाकी दिसते. शहरात अशी टाकी किती ठिकाणी आहे याचा शोध सुरू झाला. अनोळखी माणसं एकमेकांना शाबासकी देत होती, एखाद्या हरवलेल्या मुलाला शोधत असावीत इतक्या चिकाटीनं. संध्याकाळी एकानं लिहिलं की बस डेपोमागे चादरी धुणारी मोठी लाँड्री आहे, तिथे इस्त्री विभागात सगळ्या बायकाच आहेत, उद्या जाऊन बघतो.

तो गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिग्दर्शिका माझ्या दुकानात आली. पत्ता मीच दिला होता. एका माणसानं लाँड्रीच्या फाटकासमोर उभं राहून सुटीच्या वेळी बाहेर पडणाऱ्या बायकांच्या हातांचे फोटो काढले होते. अकरा बायका. डॉक्युमेंटरीतल्या बाईनं ते पाहिलं, मागच्या मागे आत गेली आणि आज कामावर आली नाही. तिनं दिग्दर्शिकेला फोन करून एवढंच विचारलं होतं की मुलांच्या शाळेचे दाखले मध्येच काढता येतात का. ती पोरगी माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती उभी राहून काउंटरवरच्या चष्म्यांच्या फ्रेम सरळ करत होती.

मी माझं लिहिलेलं पुसून टाकलं. पण त्याचे फोटो कधीच सगळीकडे गेले होते. पुसल्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

आम्ही दोघी ताईकडे गेलो. मला वाटलं होतं, ती मला झोडपेल. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, दिग्दर्शिकेला दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्या बाईचं तोंड पूर्ण डॉक्युमेंटरीत कुठे ओझरतं तरी दिसतं का? नाही. ‘काही बदल केले आहेत’ म्हणजे कोणते, हे तुम्ही कुठे सांगितलंय का? नाही. मग ती भावोजींकडे वळली. ते फ्रिजचा एक भाग पुसत बसले होते, तो त्यांनी खाली ठेवला.

“मी सांगते की ती मीच,” ताई म्हणाली. “आवाज खरा, हात दुसऱ्याचे.”

 मी म्हटलं, कोण विश्वास ठेवेल. ताई म्हणाली, ठेवतील. त्यांनी आधीच ठेवलेला आहे. आपण खोटं ठरलो हे कुणाला आवडत नाही, त्यांना परत खरं ठरवलं की झालं. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून इतकं कडू वाक्य ऐकलं नव्हतं.

मी भावोजींकडे पाहिलं. माझी इच्छा होती की त्यांनी अडवावं.  त्यांनी विचारलं की त्या बाईची मुलं केवढी आहेत. दिग्दर्शिका म्हणाली, मोठी दहावीत, धाकटा सातवीत. भावोजींनी मान हलवली आणि तो भाग परत हातात घेतला.

ताईनं बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, सवयीनं. मोबाइल समोर धरून एका दमात मिनिटभर बोलली. तुम्ही माझा आवाज ओळखलात, बरोबर ओळखलात. बहिणीनं मला वाचवायला खोटं लिहिलं, तिच्यावर राग धरू नका. ओळख पटू नये म्हणून हात दुसऱ्या कुणाचे तरी दाखवले आहेत, ज्यांचे आहेत त्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांना त्रास देऊ नका. आवाज बदलावा असं दिग्दर्शिकेनं मला सांगितलं होतं, मीच नको म्हटलं, कारण मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं. हे शेवटचं वाक्य तिनं त्या बाईच्या श्वासानं म्हटलं. तिच्या कानात ते तीन दिवस राहिलं होतं. ऐकताना मला माहीत असून क्षणभर खरं वाटलं.

दिग्दर्शिकेनं ते इंटरनेटवर टाकलं, आणि त्याच्या खाली मला लिहायचं होतं. ‘मी खोटं बोलले होते. बहिणीच्या लाजेनं बोलले.’ लिहायला फार वेळ लागला. मी चष्म्याच्या नंबरात कधी अर्ध्याची चूक केलेली नाही, आणि इथे माझ्या सख्ख्या बहिणीला माझ्या हातानं काळं फासत होते, आणि तेवढं एकच काम मला आता चांगलं करता येण्यासारखं होतं.

‘आम्हाला माहीतच होतं,’ पहिल्यानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, हातांची आयडिया भारी. तिसऱ्यानं लिहिलं, धाडसी बाई, सलाम. चौथ्यानं जे लिहिलं ते ताईनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेईपर्यंत मी वाचत होते. लाँड्रीच्या फाटकावर कुणी परत आलं नाही. निळ्या टाकीची चर्चा दोन दिवसांत मेली. आठवड्यानं ती बाई कामावर परत गेली. ताई दिग्दर्शिकेला म्हणाली, तिला आभारबिभार मानायला लावू नका, आणि मला भेटवू नका, उगीच कुणी दोघींना एकत्र पाहायचं.

आईला यातलं काही सांगायचं नाही, हे आम्ही न बोलता ठरवलं. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते लाँड्रीपर्यंत पोचलं असतं. मी तिच्या खोलीतला टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं, शेजारणींना येऊ दिलं नाही. किती दिवस पुरणार? एका सकाळी मी दुकानात असताना समोरची बाई काळजीचं तोंड करून आली, आईच्या शेजारी बसली आणि तिनं आपल्या मोबाइलवर ते सगळं आईला ऐकवलं. ताईचं ते एक मिनिटही ऐकवलं. वर विचारलं म्हणे, आवाज तिचाच आहे ना हो? या बाईला मी मागच्याच महिन्यात नवा चष्मा करून दिला होता. 

आईनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. जेवण झाकून ठेवायची. मग रविवारी सकाळी म्हणाली, थोरलीला बोलाव.

ताई आली. आई पलंगावर बसली होती, तिनं केस विंचरून घेतले होते. ताईला तिनं जवळ बसवलं, मला दारातच राहू दिलं. मला वाटलं, आता आकांत होणार. आई फार हळू बोलली.

“तू शिकायला गेली होतीस, ती दोन वर्षं. तेव्हाच ना?”

ताईनं हो म्हटलं.

आई म्हणाली, मध्ये एकदा तू पाच दिवस आली होतीस. न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस. मला ऐकू यायचं. मला वाटलं, कुणावर तरी मन बसलं असेल, फिसकटलं असेल. मी विचारलं नाही.

ते पाच दिवस मला पक्के आठवतात. ताईला रेडिओच्या परीक्षेत नापास केलं होतं, आवाजात ओलावा नाही म्हणून. रडण्याचं कारण एवढंच होतं, आणि ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आईला सांगू नकोस, असंही सांगितलं होतं. आता आई त्या पाच दिवसांत ती कोंडलेली खोली घालत होती, तो सहीचा कागद घालत होती. डॉक्युमेंटरीतलं एकेक वाक्य तिला पाठ होतं, आणि प्रत्येकाला ती ताईच्या आयुष्यात जागा शोधून देत होती. ताईची छोटी होत गेलेली पत्रं, लग्नाला केलेला उशीर, मूल न होणं. सगळं तिला आता जुळत होतं. ताई प्रत्येक वेळी हो म्हणत होती.

“माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून नाही सांगितलंस ना,” आई म्हणाली. “सांगितलं असतंस तर मी आले असते गं तुला घ्यायला.”

ताई आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत आली, कुठेही तिचा आवाज हलला नाही. इथे हलला. “चुकलं माझं, आई,” ती म्हणाली, आणि जे तिनं केलंच नव्हतं त्याबद्दल तिनं आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मला त्या अभिप्राय लिहिणाऱ्यांची किळस होती ती होतीच, पण त्या दारात उभं असताना मला माझी जितकी किळस आली तितकी त्यांचीही कधी आली नव्हती. सात-आठ शब्दांत मी हे थांबवू शकत होते. माझ्या जिभेवर होते ते शब्द.

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं?”

ताईनं डोकं उचललं नाही. पण तिची पाठ ताठ झालेली मला दिसली.

“हो,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

 आईनं परत ताईच्या केसांकडे नजर वळवली.

“म्हणजे मीच तेवढी परकी होते,” ती म्हणाली.